लाल माशाने अंडी घातली

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो मासा बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. नाव मेडाका, राहायला जपानच्या भातखाचरांत. जपानी लोक तो घरीही हौसेने पाळतात.

मेडाकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की नर की मादी हे नुसतं बघून कळत नाही. पोटात जननग्रंथी असते, पण तिचा पुढे अंडाशय होणार की वृषण, हे त्या सुमारास ठरत असतं. मग या काळात पिल्लाला खाण्यातून मादीचं संप्रेरक दिलं तर? समजा, मोठेपणी सगळ्या माद्याच निघाल्या. पण त्यातून सिद्ध काय होतं? कदाचित नर पिल्लं आधीच मेली असतील! उरलेल्यांपैकी मूळचा नर कोण, हे कसं ओळखणार?

इथे कामाला आला रंग. तात्सुओ आइदा यांनी १९२१ साली दाखवून दिलं होतं की मेडाकाच्या लाल रंगाचं जनुक वाय गुणसूत्रावर असू शकतं. म्हणजे ते बापाकडून थेट मुलग्याकडे जातं. नागोया विद्यापीठातल्या तोकिओ यामामोतो यांनी याचाच फायदा घेणारा एक वाण वापरला. त्यात नर लाल, मादी पांढरी. संप्रेरकाने जननग्रंथी बदलेल, पण वाय गुणसूत्र काही बदलणार नाही, त्यामुळे रंग तोच राहणार. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा कुणालाही न खोडता येणारा लॉग.

१९५३ साली त्यांनी निकाल छापला: लाल माशांनी अंडी घातली होती. मूळचे नर, आता माद्या.

मला त्याहून आवडते ती पुढची पायरी. त्यांनी या लाल माद्यांचा साध्या लाल नरांशी संकर केला. आता आईकडेही एक्स-वाय, बापाकडेही एक्स-वाय. हिशेबाने चारांतलं एक पिल्लू वाय-वाय यायला हवं. अशी पिल्लं फारशी जगत नव्हती, पण काही जगली, आणि ती नर होती. पुढे १९५८ मध्ये उलटा प्रयोगही आला: नर संप्रेरक देऊन पांढऱ्या माद्यांचे नर.

मुळात ही दिशा ठरवतं कोण? त्याचं उत्तर २००२ साली मिळालं. मेडाकाच्या वाय गुणसूत्रावर डीएमवाय नावाचं जनुक सापडलं. माणसातलं एसआरवाय १९९० मध्ये कळलं होतं. पृष्ठवंशी प्राण्यांत त्यानंतर सापडलेलं असं हे दुसरंच. गंमत म्हणजे दोन्हींचं एकमेकांशी काही नातं नाही. आणि डीएमवाय फक्त सुरुवातीचा धक्का देतं, म्हणून तर वेळेत दिलेलं संप्रेरक त्यावर मात करू शकतं. जननग्रंथी एकदा पक्की झाली की मग तेच संप्रेरक देऊन असा निकाल मिळत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं असं समजू नका. भिगवणला उजनीच्या पाण्यावर जी चिलापी मिळते, ती तिलापिया. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आला. तळ्यात नर-मादी एकत्र असले की हे मासे इतके वितात की गर्दी होते आणि सगळे खुजे राहतात. म्हणून जगभरातले तिलापियापालक पिल्लांना पहिले तीनचार आठवडे नर संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन सगळा नरांचाच साठा तयार करतात. नर वाढतातही लवकर. दुसरी वाट म्हणजे वाय-वाय नर पैदाशीला ठेवायचे. त्यांची बहुतेक सगळी पिल्लं नरच होतात, आणि विक्रीच्या माशाला संप्रेरक द्यावंच लागत नाही.