मसुद्याबरहुकूम

दूरस्थ सेवेकडून येणाऱ्या उत्तरातील प्रत्येक रकान्याचा प्रकार आधीच ठाऊक असावा, ही निकड वेबहूनही जुनी. सन मायक्रोसिस्टिम्सचे ‘आरपीसीजेन’ १९८०च्या दशकातच सेवेचे वर्णन करणाऱ्या मसुद्याबरहुकूम सी भाषेतील कोड लिहून देई. २०१२ साली टाइपस्क्रिप्ट अवतरली, तेव्हा मात्र परक्या लायब्रऱ्यांच्या प्रकार-व्याख्या ‘डेफिनिटलीटाइप्ड’च्या सामायिक दप्तरात स्वयंसेवक बहुधा हातानेच लिहीत, आणि मूळ बदलले तरी नक्कल जुनाच तपशील सांगत राही. यावरील तोडगा म्हणजे सेवेच्या मसुद्यावरून प्रकार यंत्रानेच लिहावेत; त्याचा पाया असलेले स्वॅगर ‘वर्डनिक’ या शब्दकोशाच्या कचेरीत जन्मले (शब्दार्थ सांगणाऱ्यांनीच ही तजवीज करावी, हा योग मौजेचा खरा), आणि २०१६पासून त्याचा मसुदा ओपनएपीआय या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातील ‘इंटिजर’ वाचून यंत्र टाइपस्क्रिप्टमध्ये निमूटपणे ‘नंबर’ लिहिते, कारण तिथे पूर्णांकाचा आणि अपूर्णांकाचा रकाना एकच.