‘ताण’ या शब्दावरील संपादकीय तळटीप

१. ताण : मूळ मजकुरात हा शब्द एकदाच, आणि तोही ओझरता, आला असल्यामुळे त्याचा थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. मोताळ्याच्या बाजारात मिळणाऱ्या मच्छरदाणीच्या जाळीचे दोन पदर एकमेकांवर किंचित तिरके धरले असता तिच्या छिद्रांहून कितीतरी मोठी अशी तिसरीच नक्षी नजरेस पडते, आणि त्यांपैकी एक पदर जरासा ओढताच ती सारी नक्षी वाकडी होते, हे ज्याने घरी करून पाहिले असेल त्यास पुढील तपशील अवघड वाटू नये. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. त्याचे दोन पदर सुमारे १.१ अंशाने पिळले असता ०.२४६ नॅनोमीटरच्या मूळ जाळीवर सुमारे १३ नॅनोमीटरची नक्षी उमटते, व पदरावरील अल्पसा ताणही तीत अनेक पटींनी वाढून प्रकट होतो. या ताणाचा परिणाम विजेच्या वहनातही दिसतो. एडविन हॉल याने १८७९ मध्ये दाखविलेल्या, प्रवाहाशी काटकोनात उमटणाऱ्या आडव्या विद्युद्दाबास चुंबकीय क्षेत्र आवश्यक होते. परंतु मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी, द्विपदरी ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर पिळून रचिलेल्या नमुन्यात, ताणामुळे जाळीची तिहेरी परिभ्रमण-सममिती (एक-तृतीयांश फेरा फिरविली तरी जाळी तशीच दिसणे) भंगल्याने, चुंबकावाचूनच, दिलेल्या प्रवाहाच्या दुप्पट वारंवारतेचा आडवा विद्युद्दाब मोजला. थर रचताना आपसूक शिरणारा, आणि एरवी दोष म्हणून हिणविला जाणारा ताण येथे साधन ठरला, ही बाब आम्हांस विशेष मोलाची वाटते. हे संशोधन २०२२ मध्ये ‘नेचर फिजिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. — संपादक