कोयनेचे धरण आणि नकाशातली निश्चिंती

१९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही पांढुर्णा-सौंसरकर छिंदवाड्यासकट मध्य प्रदेशात राहिलो. सीमा माणसांनी आखली. खडकाला ती ठाऊक नाही. पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या बागांखालचा काळा पाषाण तोच, जो सह्याद्रीत आहे. सौंसरचे नाव तर भूशास्त्रज्ञांनी त्याहून कितीतरी जुन्या, मँगनीज पोटात बाळगणाऱ्या खडकांना दिले आहे. एवढी जुनी जमीन हलायची कशी, असा एके काळी शास्त्रज्ञांचाही भरवसा होता. तो भरवसा कोयनेने मोडला, म्हणून ती कथा मला आपल्याही घरची वाटते.

कोयनेचे धरण १०३ मीटर उंच. भूकंपाच्या नकाशात तो प्रदेश अगदी कमी धोक्याचा. तरीही अभियंत्यांनी धरणाच्या वजनाच्या शेकडा पाच इतका आडवा जोर हिशेबात धरला होता. पाणी साठू लागल्यावर बारीक धक्के जाणवू लागले, तेव्हा यंत्रे बसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणातल्याच यंत्राने नोंदलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे हिशेबाच्या सुमारे दसपट होता.

धरण मात्र उभे राहिले! भेगा पडल्या त्या नेमक्या एका उंचीवर. हे धरण आधी दोन टप्प्यांत बांधायचे ठरले होते. काम चालू असतानाच ते एकदम पूर्ण उंचीचे करायचा निर्णय झाला. त्यामुळे वरचा भाग जाड राहिला आणि उतार एकाएकी बदलला. तिथे धरणाला जणू मान तयार झाली आणि ती मानच तडकली. पुढे अमेरिकेत बर्कलेला अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने गणित मांडून दाखवले, की दोष केवळ आकडा लहान धरण्याचा नव्हता. धक्का म्हणजे एका जागी स्थिर राहिलेला जोर, ही समजूतच अपुरी होती. धरण वेताच्या छडीसारखे हलते आणि माथ्याला हिसका अधिक बसतो. नंतर उंच भागांना मागून टेकू देण्यात आले, भेगा भरल्या, आणि १९७० च्या नकाशात कोयना वरच्या धोक्याच्या विभागात गेली.

म्हणजे धरण वाचले ते दूरदृष्टीने नव्हे, काँक्रीटमध्ये शिल्लक राहिलेल्या ताकदीने. या शिल्लकीला हिशेबवहीत ‘अज्ञानासाठी राखीव’ असे नाव द्यावे, असे मला वाटते.

आता उलट उदाहरण आपल्या शेजारचे. जबलपूर नकाशात मध्यम धोक्याच्या विभागात आधीपासून होते. तरी २२ मे १९९७ च्या पहाटे जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर नर्मदेच्या भेगेने अंग झटकले, तेव्हा चाळीसच्या आसपास माणसे गेली. पडझड छिंदवाडा आणि सिवनी जिल्ह्यांपर्यंत पोहोचली. इथे नकाशा खरा होता. विटामातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरे बांधणाऱ्यांच्या हाती तो कधी आलाच नव्हता. धरणाला निदान अभियंता होता, हिशेब होता, चूक सापडली तर टेकू देता येत होता. सौंसरच्या जुन्या गल्लीतल्या घराचा हिशेब गवंड्याच्या हातात असतो, आणि नकाशाबद्दल त्याला कोणी विचारतही नाही.