हरलेल्यांनी काय केलं?

२००८ च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या समाजवादी पक्षानं आपला प्रमुख निवडला. सुमारे १ लाख ३५ हजार सभासदांनी मतं दिली. आधी जाहीर झालं की मार्तीन ऑब्री ४२ मतांनी जिंकल्या. सेगोलेन रोयाल यांच्या गोटातून लबाडीचा आरोप झाला, फेरतपासणी झाली आणि फरक निघाला १०२ मतांचा. निवडणूक पक्षप्रमुखाची असली तरी मनातलं भांडण निराळंच होतं. २०१२ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणी उभं राहायचं?

समाजवाद्यांची फाटाफूट हा आपल्याकडेही थट्टेचा विषय आहे. फ्रेंच समाजवाद्यांनी मात्र ती नियमातच बसवली होती. १९७१ साली एपिने इथल्या अधिवेशनात असं ठरलं की, प्रत्येक गटानं आपापला ठराव मांडायचा आणि पडलेल्या मतांच्या प्रमाणात समित्यांवर जागा घ्यायच्या. त्यामुळे रुसून घर सोडायची कोणाला गरज उरली नाही, आणि समेटाचीही. एकाच छपराखाली चार चुली पेटत राहिल्या. पण राष्ट्राध्यक्ष तर एकच असतो. १९६५ पासून फ्रेंच जनता तो थेट निवडते. पहिल्या फेरीतले पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात. तिथे चार चुलींचे चार उमेदवार चालत नाहीत.

इतिहासकार सहसा जिंकलेल्यांकडे पाहतात. या पक्षाची गोष्ट मला हरलेल्यांच्या वागण्यातून जास्त उलगडते. १९८० ची हकिकत घ्या. फ्रान्स्वा मितराँ १९६५ आणि १९७४ अशा दोन वेळा पडलेले, वय चौसष्ट. मिशेल रोकार तरुण आणि लोकप्रिय होते, जनमत चाचण्यांत पुढे होते. ऑक्टोबरात रोकार यांनी आपली तयारी जाहीर केली. मितराँ गप्प बसले. नोव्हेंबरात त्यांनी तोंड उघडलं, आणि रोकार बाजूला झाले. पक्षप्रमुख उभे राहणार असतील तर आपण आड येणार नाही, असा शब्द त्यांनी १९७९ च्या मेस अधिवेशनात दिला होता, तो पाळला. दोघांचं एकमेकांशी कधीच जमलं नाही, पुढे रोकार पंतप्रधान झाले तेव्हाही नाही. पण १० मे १९८१ ला मितराँ ५१.७६ टक्के मतांनी निवडून आले, त्यात या माघारीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

मितराँ यांचं पर्व सरत आलं तसा शब्दाला जागवणारा दरारा गेला. मग सभासदांच्या मतदानावर भिस्त आली. १९९५ मध्ये लिओनेल जोस्पाँ असेच निवडले गेले. २००२ मध्ये ते पहिल्याच फेरीत बाद झाले. डाव्यांची मतं अनेक उमेदवारांत वाटली गेली आणि अतिउजवे ल पेन दोन लाखांहून कमी मतांच्या फरकानं पुढे गेले. ही जखम पक्षाच्या अंगावर कायमची राहिली.

२००६ मध्ये रोयाल यांनी सभासदांची ६० टक्क्यांहून अधिक मतं घेतली, दोन मातब्बर पुढाऱ्यांना मागे टाकून. त्यांना साथ दिली ती वीस युरोंत नव्यानं सभासद झालेल्या अनेकांनी. जुन्या मंडळींनी हा कौल मानला, पण मनापासून नव्हे. रोयाल यांनीही आपला प्रचार पक्षापासून फटकून चालवला, हेही सांगायला हवं. २००७ मध्ये सार्कोझी जिंकले आणि त्यातूनच १०२ मतांचा तो तमाशा उभा राहिला.

त्यानंतर दारं सताड उघडली गेली. २०११ च्या ऑक्टोबरात कोणताही मतदार एक युरो देऊन, डाव्या मूल्यांच्या जाहीरनाम्यावर सही करून मत देऊ शकत होता. दुसऱ्या फेरीत अठ्ठावीस लाखांवर लोक आले. पक्षप्रमुख ऑब्री हरल्या, फ्रान्स्वा ओलांद जिंकले. ऑब्री त्याच रात्री त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. पहिल्याच फेरीत बाद झालेल्या रोयाल यांनीही पाठिंबा दिला होता. ओलांद हे त्यांचे पूर्वीचे सहचर, म्हणजे गोष्ट नुसती राजकारणाची नव्हती! २०१२ मध्ये ओलांद राष्ट्राध्यक्ष झाले.

मग २०१७. पद्धत तीच, एक युरो तोच, विजेत्याला साथ देण्याची लेखी हमीही होती. बनवा आमों जिंकले, माजी पंतप्रधान मॅन्युएल व्हाल्स हरले. मार्चअखेर व्हाल्स यांनी जाहीर केलं की, आपलं मत एमान्युएल माक्राँ यांना. आमोंना ६.३६ टक्के मतं मिळाली आणि काही महिन्यांत त्यांनीही पक्ष सोडला. त्याच वर्षअखेर पक्षानं पॅरिसमधली आपली सोल्फेरिनो रस्त्यावरची वास्तू साडेचार कोटी युरोंच्या वर किमतीला विकली. मितराँ यांच्या विजयाच्या वेळी मुख्यालय तिथेच होतं. २०२२ मध्ये पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर आन इदाल्गो पक्षाच्या उमेदवार होत्या. त्यांना मिळाली १.७५ टक्के मतं. निवडणूक खर्चाची मोठी भरपाई सरकारकडून मिळायला पाच टक्के लागतात.