सांझा चुल्हा आणि आपली पंगत



मांड्यांची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. आळंदीत मुक्ताई मांडे भाजायला खापर आणण्यासाठी कुंभारवाड्यात गेली आणि विसोबा चाटीने ते तिला मिळू दिले नाही. ज्ञानोबारायांनी जठराग्नी चेतवला, मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले आणि ते पाहून विसोबा शरण आले, असे संतचरित्रे सांगतात. आपण चमत्कारापाशी थांबतो. आज त्या खापरापाशी थांबू या. चार पोरक्या लेकरांना गावाने मातीचे एक भांडे नाकारले होते.

हेच विसोबा पुढे नामदेवरायांचे गुरू झाले. गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखून ज्यांना कच्चे मडके ठरवले, ते नामदेव औंढा नागनाथाला विसोबांच्या पायाशी पक्के झाले. नंतर ते उत्तरेत गेले आणि पंजाबात, आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत.

त्याच पंजाबातील मातीची एक रीत तुम्हांला सांगायची आहे. तिचे नाव सांझा चुल्हा. सांझा म्हणजे सामाईक. गल्लीच्या तोंडाशी, उघड्यावर, साऱ्या आळीचा मिळून एक तंदूर असे. तंदूर घडवणे हे बहुधा बायकांचे काम. चिकणमातीत भुसा आणि बकरीचे केस घालायचे, पाणी ओतून पायांनी तुडवायचे आणि माती मुरू द्यायची. मग जाड वळ्या करून एकावर एक वेढे चढवायचे, खाली रुंद आणि तोंडाशी निमुळते. इथे उतावीळपणा चालत नाही. खालचा वेढा आवळल्याशिवाय वरचा चढवला, तर ओझ्याने सारे बसते. वाऱ्यासाठी बुडाशी भोक ठेवायचे, उन्हात वाळवायचे आणि पहिला जाळ अगदी मंद लावायचा, नाहीतर तडा जातो. शिष्य घडवण्याची रीत तरी याहून निराळी कुठे आहे?

संध्याकाळी पऱ्हाट्या आणि गोवऱ्या घालून तंदूर पेटे. एकदा भिंत तापली की पुष्कळ घरांच्या रोट्या भाजून निघत. प्रत्येकीची कणीक आपापल्या घरची, आच मात्र सगळ्यांची. घरोघरी वेगळे जळण लागत नसे. सुखदुःखाच्या गोष्टीही तिथेच होत. पुढे घरोघरी गॅस आला आणि पुष्कळ गावांतले हे तंदूर विझले.

पंजाबीत जेवणाच्या ओळीला ‘पंगत’च म्हणतात. गुरू नानकांच्या लंगराला तिसरे गुरू अमरदास यांनी नियम घालून दिला, की आधी पंगतीत बसा, मग दर्शन घ्या. अकबर बादशहाही गोइंदवालला सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवला, असे शीख परंपरा सांगते.

आता एक कबुली. तरुणपणी एका गावच्या सप्ताहात मी मांड्यांची कथा रंगवून सांगितली. श्रोत्यांचे डोळे पाणावले. कीर्तन संपले आणि पंगती दोन बसल्या. काही मंडळी मंडपाबाहेर, पाराच्या पलीकडे पाने मांडून बसली होती. टाळ धरणारे दोघे त्यांतलेच होते. मी ते पाहिले आणि मुकाट्याने पानावर बसलो. यजमान दुखावतील, एवढेच भय होते. त्या दिवशी खापर नाकारणाऱ्यांत मीही होतो. विसोबांना निदान पश्चात्ताप तिथल्या तिथे झाला. मला फार वर्षे लागली.

म्हणून माऊली, एवढेच मागणे. वारीच्या तळावर चर खणून चुलाण पेटवा, नाहीतर गॅसची शेगडी लावा. पण वाढायला उठाल, तेव्हा आधी मंडपाबाहेर एक फेरी मारा. कोणी पलीकडे बसले असेल, तर हात धरून आत आणा. आणि आत यायला कोणी संकोचला, तर आपले पान उचलून त्याच्या शेजारी मांडा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!