नाखुदा, मालीम आणि यामाहा

माझ्या वर्गातली मुले मोबाईलवर जे पाहतात त्यात हल्ली एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून एक लांब पांढरी बोट निघते. तिच्या पाठीला ओळीने चार-पाच इंजिने लटकलेली असतात. मधोमध एक उभा चौथरा, त्यावर सुकाणू आणि पडदे, भोवती चारी बाजूंनी मोकळी जागा. थोड्याच वेळात किनारा दिसेनासा होतो. मग कुणीतरी गळाला लागलेला माणसाएवढा मासा तासभर झुंजून वर आणतो, त्याच्यासोबत फोटो काढतो आणि पुष्कळदा त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतो.

ऊर्जानगरच्या मुलांना याचे अप्रूप वाटणारच. आमच्याकडे पाणी म्हणजे इरई धरण, वर्धा-वैनगंगा आणि मामा तलाव. मुंबईचा समुद्र पाहायचा तर रेल्वेत एक रात्र आणि वर बराचसा दिवस जातो. नववीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘सर, समुद्रात आपल्या लोकायचं काही होतं का जी?’’ त्याच्या ‘आपल्या’मध्ये कोण कोण येते, हे मी विचारले नाही. मराठी म्हणून, मुसलमान म्हणून, गरीब घरचा म्हणून, कोणत्याही अर्थाने घेतला तरी प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. ते तुकडे इथे जोडतो.

आधी त्या इंजिनाबद्दल. बोटीच्या आत न बसवता मागच्या फळीला बाहेरून अडकवतात, म्हणून ते आउटबोर्ड. पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुवे याने १८८१मध्ये विजेवर चालणारे असे यंत्र बोटीला लावून दाखवले होते. पण ते सामान्य माणसाच्या हाती दिले ओले एव्हिनरूड याने. हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला कारागीर. १९०९मध्ये मिलवॉकी शहरात त्याने दीड अश्वशक्तीचे इंजिन विकायला काढले. आज एकेक आउटबोर्ड ६०० अश्वशक्तीचे मिळते. अशी चार इंजिने एका बोटीला लावली तर २४०० अश्वशक्ती, म्हणजे जवळपास १.८ मेगावॅट. आमच्या वसाहतीत मेगावॅट हा घरगुती शब्द आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. त्यातली पावणेदोन-दोन मेगावॅट एका कुटुंबाच्या रविवारच्या मासेमारीला लागतात, असे सांगितले की वर्गाला त्या बोटीचा आकार बरोबर कळतो.

शौक म्हणून समुद्रात मासे धरण्याची रीतही फार जुनी नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर १८९८मध्ये ट्यूना क्लब स्थापन झाला. त्याने हलक्या दोरीने, नियम पाळून मासा धरण्याची शिस्त घालून दिली. १९३९मध्ये न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि विक्रमांची नोंद सुरू झाली. ज्यांचे पोट मासळीवर नाही अशा लोकांनी हा खेळ घडवला. आपल्याकडेही गोऱ्या साहेबांनी गळाचा शौक आणला, पण तो मुख्यतः नदीतल्या महसीर माशासाठी. समुद्र मात्र ज्यांचे पोट त्यावर होते त्यांच्याकडेच राहिला.

आणि ते कोण होते, हे शब्दच सांगतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझी नजर आधी शब्दांवर जाते. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. त्यात नाखुदा आहे, म्हणजे नावेचा धनी. फारसीतले ‘नाव’ आणि ‘खुदा’ जोडून हा शब्द झाला. उर्दू शायरांनी नाखुदा आणि खुदा यांच्यावर किती कोट्या केल्या, ते उर्दूच्या वाचकाला सांगायला नको. त्यात तांडेल आहे, खलाशांचा म्होरक्या. सरहंग आहे, तोच आपला सारंग. भंडारी आहे, जहाजावरचा कोठार सांभाळणारा. सुक्कानगीर आहे, सुकाणू धरणारा. आपण ज्याला अस्सल मराठी समजतो तो ‘सुकाणू’ मुळात अरबी ‘सुक्कान’. खलाशी, लंगर, बंदर, दर्या, तुफान, मोसमी वारे हे सगळे शब्द अरबी-फारसीच्या गलबतातून आपल्या बंदरात उतरले आणि इथलेच झाले.

या यादीत माझा सर्वांत आवडता शब्द मुअल्लिम आहे. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. जहाजावर मात्र तारे पाहून वाट दाखवणारा तो मुअल्लिम, मराठी किनाऱ्यावरचा मालीम. वाट दाखवणाऱ्याला शिक्षक म्हणणारे ते खलाशी मला फार शहाणे वाटतात.

शब्दांनंतर माणसे. शिवाजी महाराजांनी १६५७च्या सुमारास कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची उभारणी सुरू केली. त्या आरमाराच्या प्रमुखांपैकी दौलतखान एक. १६७९मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांना ते खपणे शक्य नव्हते. त्यांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. खांदेरीवर मायनाक भंडारी होता आणि समुद्रावर दौलतखान. ऑक्टोबरमधल्या लढाईत इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. इंग्रजांच्या जहाजांवर तोफा मोठ्या होत्या, पण ती खोल पाण्यावाचून चालत नसत. मराठ्यांच्या होड्या हलक्या, उथळ बुडाच्या, वल्ह्यांवरही चालणाऱ्या. वारा पडला की जहाज जागीच उभे राही आणि होड्या नागावच्या खाडीतून रात्री निघून बेटावर माणसे, दाणागोटा पोहोचवून परत येत. उथळ पाण्यात हलकी नावच राज्य करते, हा धडा खांदेरीने दिला. आउटबोर्डचे यश तरी दुसरे काय आहे? वाळू लागली की ते वर उचलता येते आणि नाव थेट किनाऱ्याला लावता येते.

ही गोष्ट इथेच थांबवून टाळ्या घेण्याचा मोह होतो. ‘बघा, दौलतखान आमचा!’ पण गोष्ट पुढेही आहे. जानेवारी १६८०मध्ये शेजारच्या उंदेरी बेटावर जंजिऱ्याचा सिद्दी कासम येऊन बसला आणि तिथून खांदेरीवर तोफा डागू लागला. म्हणजे दौलतखानाच्या समोर मुसलमान, सोबत मायनाक भंडारी आणि सिद्दीच्या बाजूला इंग्रज. माणसे धन्याच्या मिठाला जागत होती, बंदरासाठी आणि वतनासाठी लढत होती. आजच्या रांगा त्या पाण्यावर आखता येत नाहीत. म्हणून दौलतखानाचे नाव आपल्या निष्ठेचे प्रमाणपत्र म्हणून खिशात बाळगू नये, असे मला वाटते. प्रमाणपत्र ज्याला वारंवार दाखवावे लागते त्याला दुसऱ्या कुणीतरी सिद्दीचे नाव विचारतोच. दौलतखान आठवायचा तो चांगला दर्यावर्दी होता म्हणून, आणि सिद्दीही त्याच कारणाने आठवायचा. त्याने राखलेल्या जंजिऱ्याच्या तटावर आज आपण सगळेच कौतुकाने फिरतो.

लढाया संपल्या, पण पोट उरले. रत्नागिरीकडचे दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आणि नाविकाचे काम करत आले. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. आगबोटी आल्या तेव्हा कोकणातले हजारो खलाशी मुंबई बंदरातून साहेबांच्या जहाजांवर चढले. कुणी डेकवर, कुणी खाली कोळशाच्या भट्टीशी. कोळसा उपसणारे आमचे चंद्रपूरकर आणि तो भट्टीत टाकणारे कोकणी खलाशी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण काळ्या धुळीने दोघांचीही छाती भरली.

मासेमारीच्या नावेला इंजिन लागले ते स्वातंत्र्यानंतर. १९५२मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात नींदकरा येथे यांत्रिक नावांचा प्रकल्प सुरू झाला. योगायोग असा की, एव्हिनरूडही नॉर्वेचाच. महाराष्ट्रात कोळ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत डिझेल इंजिने आली. शिडाची नाव वाऱ्याच्या मर्जीने जाई, इंजिनाची नाव बाजाराच्या वेळेला परत येऊ लागली. छोट्या होडीवाल्याला पुढे आउटबोर्ड परवडू लागले आणि वल्हे मारून खांदे भरून येणे कमी झाले. हा फायदा खरा होता.

तोटाही खरा होता. ज्याच्याकडे मोठे इंजिन त्याचे मोठे जाळे, आणि ज्याचे मोठे जाळे त्याचाच मासा. किनाऱ्यालगत ट्रॉलर येऊ लागले तेव्हा भांडणे झाली आणि महाराष्ट्राला १९८१मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा करावा लागला. मग पर्ससीन जाळी आली, २०१६मध्ये त्यांच्यावर बंधने आली. मग दिवे लावून मासे गोळा करण्याचा प्रकार आला, २०१७मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली. कायदा दरवेळी इंजिनाच्या मागून धावत गेला. या भांडणात छोट्या होडीतला कोळी आणि छोट्या होडीतला दालदी एकाच बाजूला असतात. सुरमई कुणाच्या जाळ्यात जायचे ते नाव विचारून ठरवत नाही.

आउटबोर्डच्या इतिहासातले एक पान मात्र आपल्याला टाळता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा दहशतवादी मुंबईत बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी बोटीतून उतरले. त्याआधी त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नाव पळवून तिच्यावरच्या खलाशांना मारले होते. म्हणजे त्या हल्ल्यात पहिले बळी गेले ते मासेमार. वस्तीतल्या कोळ्यांनी त्या दहा जणांना पाहिले, हटकलेही. रबरी बोटीला यामाहाचे आउटबोर्ड होते, आणि ते पाकिस्तानात पाठवले गेल्याचा माग पुढे न्यायालयासमोर आला. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या बडा कब्रस्तानने जागा नाकारली. हे दोन्ही पुरावे एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. इंजिनाने सांगितले की ते कुठून आले, आणि कब्रस्तानने सांगितले की ते आमचे नव्हेत.

त्यानंतर किनाऱ्यावर नियम वाढले. नावांची नोंदणी, खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्र, सागरी पोलीस ठाणी, वेगवान गस्ती बोटी. नियम सर्वांना सारखे आहेत आणि ते हवेतच. पण कार्ड एकदा पाहून झाल्यावर त्यावरचे नाव वाचून ते दुसऱ्यांदा मागितले जाईल का, ही धाकधूक कोणत्याही कायद्यात लिहिलेली नसते. ती ज्याला बाळगावी लागते त्यालाच तिचे वजन माहीत असते. ज्या किनाऱ्याची निम्मी भाषा आपल्या पूर्वजांनी आणली, तिथे परका म्हणून पाहिले जाणे हे दुःख इतिहास न सांगितल्यामुळे वाढते. इतिहास नीट सांगितला गेला, तर कार्ड तपासणाऱ्यालाही कळेल की त्याच्या तोंडी असलेले बंदर आणि खलाशी हे शब्द कुठून आले.

आमच्या मुलांनी आउटबोर्ड फक्त मोबाईलवर पाहिले आहे असेही नाही. जुलै २०२२च्या पुरात इरईचे पाणी चंद्रपूरच्या रहमतनगरमध्ये शिरले. अशा वेळी आपत्ती दलाचे जवान रबरी बोट आणि तिला लावायचे ‘ओबीएम’ घेऊन येतात. ओबीएम म्हणजे तेच, एव्हिनरूडचे आउटबोर्ड. फ्लोरिडात ते शौकासाठी धावते, बधवार पार्कला ते खुन्यांना घेऊन आले, आणि पुरात तेच म्हाताऱ्या-कोताऱ्यांना गच्चीवरून उतरवते. यंत्राला दीन नाही, नियतही नाही. ती सुकाणू धरणाऱ्याची असते.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: होते, बाळा, आणि अजून आहे. ते मोठ्या पांढऱ्या बोटीत नाही. ते होडीत आहे, भट्टीशी उभ्या राहिलेल्या खलाशात आहे आणि तू रोज बोलतोस त्या भाषेत आहे. हा लेख वाचणाऱ्यांत कुणी नाखवा, सारंग, होडेकर असतील, तर त्यांना एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्यांकडून नावेच्या भागांची, वाऱ्यांची, माशांची नावे लिहून घ्या. आजोबांची जहाजावरच्या नोकरीची जुनी पुस्तिका पेटीत असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. शिडे गेली, वल्ही गेली, आता ते शब्द उच्चारणारी माणसेही चालली आहेत. ती आहेत तोवर पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला आपण काही देऊ शकतो.