वर्गावर यंत्राची नजर

विद्यार्थ्यांची उपस्थिती व वर्तन यांवर यंत्रांच्या साहाय्याने लक्ष ठेवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात २०१५ पासून वाढत गेले. त्या वर्षी आलेल्या 'सरल' प्रणालीमुळे विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर नोंदली जाऊ लागली. दर सोमवारी विद्यार्थ्यांसह 'सेल्फी' काढून पाठविण्याचा नोव्हेंबर २०१६ मधील आदेश शिक्षकांच्या विरोधामुळे जानेवारी २०१७ मध्ये स्थगित झाला. डिसेंबर २०२३ पासून 'स्विफ्टचॅट' या मोबाइल ॲपवर उपस्थिती नोंदविणे सुरू झाले. बदलापूर प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे करण्यात आले.

सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात या नोंदींना विशेष महत्त्व आहे. पालक मजुरीसाठी स्थलांतर करतात, तेव्हा मुलांची शाळाही सुटते. रोजची नोंद ही गळती वेळीच दाखवू शकते. गैरहजेरीचे कारण मात्र सांगत नाही. त्यासाठी शिक्षकालाच घर गाठावे लागते.

वर्तनावर पाळत ही त्यापुढची पायरी. चीनमधील हांगचौच्या एका शाळेत २०१८ मध्ये मुलांच्या चेहऱ्यावरील भाव टिपणारे कॅमेरे बसविण्यात आले होते. युरोपीय संघाने शाळांतील भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या वर्तनावर देखरेख ठेवण्यास मनाईची तरतूद आहे. पण २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक कार्य व सुरक्षेसाठी शाळांना सवलत दिली आहे. या सवलतीची सीमा कोठे संपते, हे शाळेला विचारणे आता पालकांच्याच हाती आहे.